निम्म्याहून एक जास्त

२ मार्च २०२३ रोजी पुणे परिसरातल्या दोन पोटनिवडणुकांचे निकाल लागले. मुक्ता टिळक यांच्या निधनाने कसबा पेठेची जागा रिकामी झाली होती, लक्ष्मण जगताप यांच्या निधनाने चिंचवडची. मतदान दोन्हीकडे २६ फेब्रुवारीला झाले आणि दोन्हीकडे भाजप व महाविकास आघाडी समोरासमोर होते. कसब्यात लढत जवळजवळ सरळ होती. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांना सुमारे ११ हजार मतांनी हरवले आणि झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मते घेतली. चिंचवडमध्ये मात्र आघाडीतून बंड करून राहुल कलाटे अपक्ष उभे राहिले. भाजपच्या अश्विनी जगताप यांना सुमारे १ लाख ३५ हजार मते पडली, राष्ट्रवादीचे नाना काटे यांना ९९ हजार आणि कलाटे यांना ४४ हजार. काटे आणि कलाटे यांची बेरीज जगताप यांच्या मतांहून काही हजारांनी जास्त भरते.

त्या संध्याकाळपासून एक बाजू म्हणत राहिली की कलाटेंनी मते खाल्ली, दुसरी म्हणत राहिली की जनतेने स्पष्ट कौल दिला. मला दोन्ही विधाने पटत नाहीत. कलाटे यांचे मतदार कुणाच्या सातबाऱ्यावर लिहिलेले नव्हते. २०१९ साली याच मतदारसंघात अपक्ष म्हणून त्यांनी एक लाखाहून अधिक मते घेतली होती. तेव्हा २०२३ मधल्या त्यांच्या ४४ हजारांपैकी किती जण काटेंकडे गेले असते, किती जगतापांकडे आणि किती घरीच थांबले असते, हे छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. कारण त्यांना ते कुणी विचारलेच नाही. एवढी माणसे रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली. पण तुमचा माणूस येत नसेल तर उरलेल्या दोघांतला कोण चालेल, हा साधा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. म्हणून चिंचवडच्या निम्म्याहून अधिक मतदारांना आमदार म्हणून कोण मान्य होते, हे आपल्याला आजही ठाऊक नाही. कसब्याचे ठाऊक आहे.

निवडून येणाऱ्याने वैध मतांपैकी निम्म्याहून निदान एक मत जास्त मिळवलेच पाहिजे, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी परदेशातून काही आणायला नको. तशी रीत भारताच्या कायद्यात आहे, पुण्यात ती दर सहा वर्षांनी वापरली जाते. फक्त ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आधी दुखणे किती मोठे आहे ते पाहू. पुणे लोकसभेची २००९ची निवडणूक घ्या. सुरेश कलमाडी सुमारे २ लाख ८० हजार मते घेऊन विजयी झाले. भाजपचे अनिल शिरोळे २५ हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले. मनसेचे रणजित शिरोळे आणि बहुजन समाज पक्षाकडून उभे राहिलेले बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी या दोघांनी मिळून त्या फरकाच्या पाचपटीहून जास्त मते घेतली. कलमाडींचा वाटा ३८ टक्के होता. त्या वर्षी पुण्यात मतदान जेमतेम ४० टक्के झाले. म्हणजे यादीतल्या दर शंभर मतदारांमागे पंधरा-सोळा जणांनी ज्यांना निवडले ते पाच वर्षे सगळ्या पुण्याचे खासदार राहिले. त्याच वर्षी कसब्यात गिरीश बापट विधानसभेवर गेले. त्यांना सुमारे ५५ हजार मते मिळाली. मनसेकडून लढणारे धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक या दोघांना प्रत्येकी ४७ हजारांच्या घरात. कसब्यात मतदान केलेल्यांपैकी साधारण दोनतृतीयांश जणांनी विजयी उमेदवाराला मत दिलेले नव्हते. यात बापटांचा दोष काहीच नाही. त्यांनी त्या मतदारसंघात हयात घालवली होती आणि कदाचित दुसऱ्या पसंतीची मते मोजली असती तरी तेच आले असते. पण मग ते अधिक भक्कम पायावर आले असते, आणि त्यांच्या विरोधकांना ते मान्य करावे लागले असते.

हे दर वेळी घडते असे नाही. २०१४ला अनिल शिरोळे, २०१९ला बापट आणि २०२४ला मुरलीधर मोहोळ हे तिघेही पुण्यातून निम्म्याहून अधिक मते घेऊन लोकसभेत गेले. लढत दुरंगी झाली की प्रश्न आपोआप सुटतो. तो उभा राहतो तिसरा खांब भक्कम असला की, आणि तेव्हा कोणत्या पक्षाला फटका बसेल याचा नेम नसतो. २०१९च्या लोकसभेत सोलापुरात काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांच्या मतांची बेरीज भाजपकडून विजयी झालेल्या जयसिद्धेश्वर स्वामींपेक्षा जास्त होती. नांदेडात काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने तिथे १ लाख ६६ हजार मते घेतली. औरंगाबादेत नेमके उलटे झाले. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांच्यात मते विभागली आणि एमआयएमचे इम्तियाज जलील साधारण ३२ टक्क्यांवर साडेचार हजारांनी निवडून आले. आज या पद्धतीचा फायदा झालेला उद्या तिच्यात सापडतो. आपल्या फायद्याच्या वर्षी मात्र कुणीच तिच्याविरुद्ध बोलत नाही.

आकड्यांपेक्षा मला जास्त टोचते ते या पद्धतीने मतदाराला लावलेले वळण. निवडणूक जाहीर झाली की वाड्यावस्त्यांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एकच वाक्य फिरते: मत वाया घालवू नका. मनातला उमेदवार चांगला आहे, काम केलेला आहे, पण तो येत नाही. म्हणून जो येऊ शकतो त्यातला कमी वाईट निवडा. वर्षानुवर्षे शहाण्या माणसांनी अशी मते दिली आहेत. त्यामुळे नवा, पैसा नसलेला, पक्षाबाहेरचा माणूस खरोखर किती लोकांना हवा होता, हे कोणत्याही निकालात दिसत नाही. त्याला दोन हजार मते पडतात, अनामत जाते, आणि पुढच्या वेळी त्याचेच उदाहरण देऊन लोकांना सांगतात, बघा, असल्यांना कुणी विचारत नाही. दुसरीकडे अर्ज माघारीच्या दिवशी पक्षांच्या कार्यालयांत जे चालते ते पुण्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. कोणाला बसवायचे, कोणाला उभे ठेवायचे, कोण कुणाची किती मते कापेल, याचे हिशेब रात्रभर चालतात. एखादा उमेदवार निवडून यायला नव्हे, दुसऱ्याला पाडायला उभा केला जातो आणि त्याचा खर्च तिसराच कुणीतरी करतो. निम्म्या मतांची अट आली की हा धंदा बराचसा बसेल. बंडखोराला पडलेल्या मतांची दुसरी पसंती मोजली जाणार असेल, तर त्याला उभे करून किंवा बसवून मिळवायचे असे फार उरत नाही.

आता पुण्यात आधीपासून असलेल्या रीतीकडे येतो. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक हे विधान परिषदेचे दोन मतदारसंघ आहेत. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे त्यांत येतात. या निवडणुकीत यंत्र नसते, मतपत्रिका असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. पहिली पसंती दिलीच पाहिजे, पुढच्या पसंती ऐच्छिक. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त एवढा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत कुणी तो गाठला नाही तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांच्या गठ्ठ्यांत जातात. कुणीतरी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालते. डिसेंबर २०२०च्या मोजणीत पदवीधरमध्ये राष्ट्रवादीचे अरुण लाड यांनी पहिल्या पसंतीतच कोटा ओलांडला. शिक्षक मतदारसंघात तसे झाले नाही. तळाचे उमेदवार एकामागून एक बाद करत जावे लागले, मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली आणि शेवटी काँग्रेसचे जयंत आसगावकर विजयी झाले. विधान परिषदेसाठी हे घटनेच्या कलम १७१ मध्येच लिहून ठेवले आहे, राष्ट्रपतींच्या निवडणुकीसाठी कलम ५५ मध्ये. विद्यापीठाच्या अधिसभेसाठी पदवीधर याच रीतीने मत देतात, बार कौन्सिलसाठी वकील याच रीतीने, राज्यसभेसाठी आमदार याच रीतीने.

यात मला एक उघड विषमता दिसते. सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिकेला, तिने पदवीधर म्हणून नाव नोंदवले असेल तर, पसंतीक्रम लावता येतो. तिचे मत पहिल्या फेरीत फुकट गेले तरी दुसऱ्या फेरीत जिवंत राहते. तिच्याकडे वीस वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईला हा हक्क कोणत्याच निवडणुकीत नाही. तिने एक बटण दाबायचे, ते चुकले तर चुकले. सुशिक्षितांच्या मताला दोन-तीन संधी आणि बाकीच्यांच्या मताला एकच, असा भेद प्रौढ मताधिकार देणाऱ्या देशात पंचाहत्तर वर्षे चालत राहिला आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही, याची मला खंत वाटते.

ही रीत मोठ्या निवडणुकीतही निकाल ठरवू शकते हे देशाने एकदा पाहिले आहे, आणि त्या गोष्टीत एक मराठी माणूस आहे. १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर तिसरे महत्त्वाचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे माजी अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. निम्मे कुणाकडेच नव्हते. लहान उमेदवार आणि मग देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोठ्या प्रमाणात रेड्डींकडे वळली, अंतर झपाट्याने कमी झाले, आणि तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. देशमुखांनी कुणाची मते खाल्ली, अशी तक्रार मग उरली नाही. त्यांचे मतदार आपल्या माणसाला मत देऊन मोकळे झाले आणि अंतिम निर्णयातही सामील राहिले. चिंचवडच्या ४४ हजारांना हेच मिळायला हवे होते.

मग घटनाकारांनी हे सगळ्यांना का दिले नाही? घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती काझी सय्यद करिमुद्दीन यांनी मांडली होती. जानेवारी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचे एक कारण स्थिर सरकारचे होते. दुसरे असे, की या पद्धतीला मतदार निदान आकडे ओळखण्याइतका साक्षर लागतो आणि देशाची साक्षरता तेवढी नाही. १९५१च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा ही अडचण खरीच होती. आज एखादी भाजीवालीही मोबाईलवर दहा आकडी क्रमांक लिहिते, पैसे आले का ते पाहते, महापालिकेच्या निवडणुकीत एकाच वेळी चार वेगवेगळी बटणे दाबते. नावांपुढे १ आणि २ लिहिता येणार नाही असे तिच्याबद्दल म्हणणे हा तिचा अपमान आहे. शिवाय करिमुद्दीन जे मागत होते ते बहुसदस्य मतदारसंघांतले प्रमाणशीर प्रतिनिधित्व होते. मी मागतो आहे ती एका जागेसाठीची निम्म्याची अट, आणि तिने विधिमंडळात पक्षांचे तुकडे होण्याची भीती वाढत नाही.

सर्वांत गंभीर हरकत अल्पसंख्याकांची आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. निम्म्याची अट आली तर ज्या समाजाची लोकसंख्या वीस-तीस टक्के आहे त्याच्या स्वतंत्र पक्षाला बहुरंगी लढतीत एखादी जागा मारून नेण्याची संधी कमी होईल. २०१९चे औरंगाबाद त्या अटीखाली कदाचित वेगळे गेले असते. ही किंमत खरी आहे आणि ती मोजावी लागेल. पण सोलापूरची दुसरी बाजूही पाहावी. तिथे पावणेदोन लाखांच्या जवळ माणसांनी प्रकाश आंबेडकरांना मत दिले आणि त्यानंतर त्यांना भाजपची बी टीम म्हणून हिणवले गेले. आपल्या नेत्याला मत देणे हा जणू गुन्हा झाला. पसंतीक्रम असता तर त्या मतदाराने पहिली पसंती बेधडक वंचितला दिली असती, दुसरी हवी त्याला, आणि मोठ्या पक्षांना ती दुसरी पसंती मागायला त्याच्या वस्तीत जावे लागले असते. आज मोठे पक्ष लहान समाजाला जागावाटपाच्या टेबलावर शेवटी आठवतात. दुसऱ्या पसंतीसाठी त्यांना प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून आठवावे लागेल, आणि अशा समाजाविरुद्ध विष ओकून मते गोळा करणाऱ्याला निम्म्याचा टप्पा गाठणे अवघड जाईल. एखादी अवचित मिळणारी जागा गमावून हे मिळत असेल तर मी हा सौदा करीन. ज्याचे गणित वेगळे निघेल त्याच्याशी मला मनापासून बोलायला आवडेल.

फ्रान्ससारखी दुसऱ्या फेरीची पद्धत काही जण सुचवतात. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यघटना आढावा आयोगानेही २००२ मध्ये निम्म्याहून अधिक मतांची अट आणि त्यासाठी फेरमतदान यांचा गांभीर्याने विचार व्हावा असे म्हटले होते. पुण्याचा अनुभव पाहता मला फेरमतदान नको वाटते. एकदा मतदानाला चाळीस-पन्नास टक्के लोक येतात, त्यांना पंधरा दिवसांत पुन्हा बोलावले तर किती येतील? शिवाय कर्मचारी, शाळा, पोलीस, आचारसंहिता, सगळे दुप्पट. आणि पहिल्या फेरीत मते विखुरली तर बहुतेकांना नको असलेले दोघेच दुसऱ्या फेरीत उरू शकतात. २००२मध्ये फ्रान्समध्ये जवळपास तसेच झाले, १७ टक्क्यांच्या आतबाहेर मते घेऊन कडवे उजवे ल पेन अंतिम लढतीत पोहोचले आणि डाव्या मतदारांना नाइलाजाने उजव्या शिराक यांना मत द्यावे लागले. पसंतीक्रमात हे सारे एकाच दिवशी, एकाच कागदावर उरकते.

त्याच्याही अडचणी आहेत. पदवीधरांच्याच मतपत्रिका हजारोंनी बाद होतात. कुणी बरोबरची खूण करतो, कुणी अक्षरात एक लिहितो, कुणी सही ठोकतो. नियम सैल करायला हवेत: मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर एकटी खूणही पहिली पसंती धरावी. आजच्या मतदान यंत्रात पसंती नोंदवता येत नाही, ते बदलावे लागेल किंवा लहान निवडणुकांत कागदावर यावे लागेल. आणि सगळ्यांनी पुढच्या पसंती दिल्या नाहीत तर शेवटच्या फेरीतले निम्मे हे त्या फेरीत उरलेल्या मतांचे निम्मे असते, आरंभीच्या सर्व मतांचे नसते. हे उघडपणे सांगायला हवे. तरीही औरंगाबादच्या ३२ टक्क्यांपेक्षा ते फार पुढचे आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्यात हा बदल नागरिकांनी स्वतः घडवून आणला. तिथे २०१०मध्ये पॉल लपाज ३८ टक्क्यांच्या आसपास मतांवर गव्हर्नर झाले, आणि २०१६मध्ये लोकांनी प्रस्ताव मतपत्रिकेवर आणून पसंतीक्रम मंजूर करून घेतला. सगळीकडे असे जमत नाही. २०२४मध्ये कोलोरॅडो, ओरेगन, आयडाहो, नेवाडा या राज्यांतल्या मतदारांनी असे प्रस्ताव फेटाळले. आपल्याकडे नागरिकांना कायदा मतदानाला टाकण्याचा अधिकारच नाही. १६ जानेवारी १९६७चा गोव्याचा ओपिनियन पोल सोडला तर आपल्या भागात एखाद्या मोठ्या राजकीय प्रश्नावर थेट जनतेचे मत घेतल्याचे उदाहरण सापडणे कठीण, आणि तोही केंद्राने ठरवून घेतला होता. म्हणून दार विधिमंडळाचेच ठोठावावे लागेल.

ते दार वाटते तितके बंद नाही. लोकसभा-विधानसभेसाठी संसद लागेल, पण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचा कायदा राज्याचा आहे. महाराष्ट्राने त्यात हवे तसे बदल वारंवार केले आहेत. पुणे महापालिकेत २००२ला तीनसदस्यीय प्रभाग, २००७ला एकसदस्यीय, २०१२ला दोनसदस्यीय, २०१७ला चारसदस्यीय. १५ जानेवारी २०२६ रोजी पुन्हा चारसदस्यीय प्रभागांत मतदान झाले. राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये तर एका आदेशाने ठरवले की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. सत्ताधाऱ्यांच्या सोयीने प्रभागांचे आकार इतक्यांदा बदलता येतात, तर मतदाराच्या सोयीने मोजणी एकदा बदलायला हरकत कोणती?

सुरुवात मात्र मी महापालिकेपासून करणार नाही. चार जागांच्या प्रभागात आरक्षण आणि पसंतीक्रम यांची सांगड घालणे किचकट आहे. सुरुवात थेट निवडल्या जाणाऱ्या सरपंचापासून आणि नगराध्यक्षापासून व्हावी. पद एकच, अधिकार मोठा, आणि गावात पाच-पाच पॅनेल उभे राहिले की पंचवीस-तीस टक्क्यांवर सरपंच होतो. मग उरलेले गाव पाच वर्षे त्याला आपला मानत नाही आणि ग्रामसभेत त्याची परतफेड होते. मावळात, मुळशीत, पुरंदरला अशा गावांत मतदार दोन-तीन हजार, मतपत्रिका हाताने मोजता येतील, चार फेऱ्या झाल्या तरी दुपारपर्यंत निकाल लागेल. तळेगाव दाभाडे, लोणावळा, बारामती यांसारख्या नगर परिषदांत हेच थोड्या मोठ्या प्रमाणावर करता येईल. ग्रामपंचायत आणि नगर परिषद कायद्यांत प्रत्येकी एका कलमाची दुरुस्ती आणि आयोगाचे नवे मोजणी नियम एवढ्यावर हे काम भागेल. पुणे महापालिकेची पुढची निवडणूक येईपर्यंत अशा शेकडो गावांचा अनुभव हाताशी असेल. त्या वेळी कोथरूडच्या, हडपसरच्या, येरवड्याच्या मतदाराने एकसदस्यीय प्रभाग आणि तीच मतपत्रिका मागितली, तर नाही म्हणणाऱ्याला आपले कारण सभागृहात उभे राहून सांगावे लागेल.